पाट, बांध आणि खतावणी

प्रथम वर्षाच्या वर्गात हिशेबशास्त्राचा पहिला तास झाला, त्या दिवशी आम्हांला सांगण्यात आले की द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही मिळवले. पण मनात एक शंका राहून गेली. १४९४ पूर्वीही माणसे शेते कसत होती, बियाणे उसने नेत होती, सारा भरत होती. तेव्हा कोणाचे कोणाकडे किती येणे आहे, हे कोण लिहून ठेवीत होते? आणि ज्याच्या हाती ही लेखणी होती, त्याच्या हाती आणखी काय काय होते?

या शंकेचा माग काढीत मी ग्रंथालयाच्या इतिहास विभागात शिरलो आणि पाचोलीच्या साडेचार हजार वर्षे मागे, आजच्या इराकच्या दक्षिण भागात, सुमेर नावाच्या देशात जाऊन पोहोचलो. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. तेव्हा पुढील मजकूर वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने आपल्या चष्म्यातून पाहिलेला आहे, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

सुमेर म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या गाळाने बनलेला सपाट प्रदेश. दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातूची खाण नाही. पाऊस वर्षाकाठी सुमारे दीडशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या खानापूर बाजूला जुलैच्या दोन-तीन दिवसांत पडतो तेवढा. अशा पावसावर शेती होत नाही. नद्यांना पाणी भरपूर. परंतु ते येते भलत्या वेळी. तुर्कस्तानच्या डोंगरांतील बर्फ वितळून पूर येतो तो एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा जव कापणीला आलेला असतो. आणि पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नदी खाली गेलेली असते. इजिप्तचे तसे नाही. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या शेवटी येतो, शेते भिजवतो, ओसरतो, आणि मग शेतकरी त्या ओलीवर बी टाकतो. सुमेरच्या शेतकऱ्याला मात्र हवे तेव्हा पाणी आणावे लागे आणि नको तेव्हा अडवावे लागे. पाट आणि बांध दोन्ही त्याच्या नशिबी आले.

एक सोय मात्र होती. गाळ साचून साचून नदीचे पात्र आणि काठ भोवतालच्या शेतांपेक्षा उंच झालेले असत. काठ फोडला की पाणी उताराने आपोआप शेतात येई. आपल्याकडे रात्री कंदील घेऊन दारे धरायला गेलेल्या माणसाला हे काम वेगळे समजावून सांगायला नको. पण जो गाळ सोय करतो तोच पाट बुजवतो. दरवर्षी पाट उपसला नाही, तर चार-पाच वर्षांत त्याचे शेत व्हायचे. आणि हे काम एकट्या कुटुंबाचे नव्हे.

येथून पुढे विद्वानांत मतभेद सुरू होतात. कार्ल विटफोगेल या अभ्यासकाने १९५७ साली असा सिद्धान्त मांडला की मोठे कालवे खणायला मोठी सत्ता लागते, म्हणून जेथे पाटबंधारे आले तेथे अनियंत्रित राजसत्ता आली. सिद्धान्त आटोपशीर आहे आणि परीक्षेत लिहायला सोपा आहे. परंतु रॉबर्ट ॲडम्स या पुरातत्त्वज्ञाने त्या भागातील जुन्या कालव्यांच्या आणि वस्त्यांच्या खुणा वर्षानुवर्षे शोधून काढल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. सुरुवातीचे पाट लहान होते, गावकऱ्यांना आपसांत सांभाळता येतील असे होते. प्रचंड कालवे पुष्कळ नंतर आले. राजे त्याआधीच आले होते. मग राजाची सत्ता आली कोठून? मला वाटते, पाटाच्या लांबीपेक्षा पाटाच्या हिशेबात तिचे मूळ शोधावे.

उरुक या नगरात इ. स. पू. ३३०० ते ३१००च्या सुमारास मातीच्या ओल्या पाटीवर बोरूने खुणा करून लिहिण्यास सुरुवात झाली. अशा काही हजार पाट्या सापडल्या आहेत. त्यांत कविता नाही, प्रार्थना नाही, राजाची स्तुती नाही. शंभरातील पंच्याऐंशीच्या आसपास पाट्या निव्वळ हिशेबाच्या आहेत आणि उरलेल्या शिकाऊ लेखनिकांच्या शब्दयाद्या आहेत. इतके पोते जव, इतक्या मेंढ्या, इतके शेत, इतक्या माणसांचा शिधा. एका पाटीवर २९,०८६ मापे जव, ३७ महिने आणि कुशिम असे लिहिलेले आहे. कुशिम हे व्यक्तीचे नाव की हुद्द्याचे, यावर एकमत नाही. व्यक्तीचे असेल, तर मानवजातीच्या लेखी नोंदीत नावानिशी आलेल्या पहिल्या काही माणसांत एक कोठीवाला आहे! वाणिज्य शाखेला आपल्या महाविद्यालयात फारसा मान नाही, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. असो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सुमेरमध्ये लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी नगरराज्ये होती. दोघांच्या मध्ये गुएदेना नावाचा सुपीक पट्टा होता. तो कोणाचा, यावर दोघांचे सुमारे दोनशे वर्षे भांडण चालले. किश नगरीच्या मेसिलिम राजाने मध्यस्थी करून हद्द आखली आणि खुणेचा शिलास्तंभ रोवला. उम्माच्या अधिपतीने तो उखडला. पुढे इ. स. पू. २४५०च्या सुमारास लगाशच्या एआन्नातुमने उम्माचा पराभव केला आणि हद्दीवर नुसता दगड न रोवता पाट खणला. त्याच्या विजयाचा कोरीव शिलापट आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. शत्रूंची मुंडकी चोचीत धरलेली गिधाडे त्यावर कोरलेली असल्यामुळे तो गिधाडांचा शिलापट म्हणून ओळखला जातो.

सीमा हा शब्द ऐकला की आमच्या भागात सर्वांचेच कान टवकारतात. म्हणून सांगून टाकतो की लगाश आणि उम्मा यांची भाषा एकच होती, देवही बहुतेक तेच होते. भांडण शेताचे आणि पाण्याचे होते.

पण खरी मेख पुढे आहे. एआन्नातुमने गुएदेनाचा काही भाग उम्माच्या लोकांना कसू दिला, धान्याच्या बदल्यात. आणि हे देणे व्याजी कर्ज म्हणून खात्यावर मांडले. धनको कोण? लगाशचा देव निनगिर्सु आणि देवी नान्शे. राजा केवळ त्यांचा कारभारी. हे देणे थकले. एआन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याने इ. स. पू. २४००च्या सुमारास मातीच्या शंकूवर या सर्व प्रकरणाची हकीकत लिहून ठेवली आहे. तीत व्याज चढत जाऊन कर्जाचा आकडा इतका फुगलेला दिसतो की तेवढा जव सुमेरच्या सर्व शेतांत मिळूनही पिकला नसता. चक्रवाढ व्याजाचा जगातील हा सर्वांत जुना लेखी दाखला मानतात.

मी वहीत गणित करून पाहिले. पुढच्या काळातल्या पाट्यांवरून जवाच्या कर्जाचा रूढ दर एक तृतीयांश, म्हणजे ३३⅓ टक्के दिसतो. या दराने एक पोते जव उसने घेतला आणि काहीच फेडले नाही, तर सरळव्याजाने चाळीस वर्षांनी देणे होते सव्वाचौदा पोती आणि थोडे वर. चक्रवाढीने दहा वर्षांनी होतात पावणेअठरा पोती, वीस वर्षांनी तीनशे पंधरा, तीस वर्षांनी साडेपाच हजारांवर, आणि चाळीस वर्षांनी सुमारे नव्व्याण्णव हजार चारशे. हे सूत्र आम्ही बारावीला पाठ केले होते. त्यात उम्माचे शेतकरी बसतील असे तेव्हा वाटले नव्हते. जव शेतात ज्या गतीने वाढतो त्याला पाण्याची, मातीची आणि ऋतूंची मर्यादा आहे. पाटीवरच्या जवाला कसलीच मर्यादा नाही.

उम्माने काय केले? त्यांनी हद्दीच्या पाटाचे पाणी वळवले आणि हद्दीचे दगड जाळले. पुढे इल नावाचा अधिपती आला, त्याने कर्जापैकी थोडासाच जव फेडला आणि पुन्हा पाणी वळवले. कर्ज नाकारायचे असेल तर पाटावर हात टाकायचा, आणि पाटाचा हक्क सांगायचा असेल तर कर्ज दाखवायचे. दोन्ही गोष्टी एकाच खात्याच्या दोन बाजू होत्या.

याच एन्मेतेनाची दुसरी एक नोंद वाचून मात्र मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. उम्माकडून देवाचे देणे मागणाऱ्या या राजाने आपल्या स्वतःच्या नगरीत रयतेची व्याजी धान्यकर्जे रद्द केली. कर्जापायी राबायला गेलेली मुले आईकडे परत पाठवली आणि आया मुलांकडे. यासाठी सुमेरी भाषेत जो शब्द आहे तो ‘अमार्गी’. त्याचा अर्थ मुक्ती असा करतात. परंतु अक्षरशः फोड केली तर होते ‘आईकडे परतणे’.

हा शब्द मी घरी आजीला सांगितला, त्याला कारण आहे. आमची ओढ्याच्या काठाला एक पट्टी होती. आजीच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, स्वातंत्र्यापूर्वी एका सावकाराकडून बियाण्याचे भात दिढीने आणले होते. एक पोते न्यायचे, सुगीला दीड घालायचे. दोन वर्षे पीक बुडाले. सावकाराच्या वहीत मोडीत काय लिहिले होते, हे पणजोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठा दिला. पट्टी गेली. आजही आमच्या घरात ‘आपली ओढ्याची पट्टी’ असाच उल्लेख होतो, आणि वडील तिकडून जाताना बांधावर क्षणभर थांबतात. दिढी म्हणजे पन्नास टक्के, तेही सहा-सात महिन्यांचे. सुमेरचा दर आमच्यापेक्षा सौम्य होता म्हणायचा!

एन्मेतेनानंतर सुमारे पन्नास वर्षांनी लगाशमध्येच उरुकागिना राज्यावर आला. त्याने आधीच्या राजवटीतील गैरप्रकारांची यादीच कोरून ठेवली आहे. देवाचे बैल राजाचे कांद्यालसणाचे वाफे नांगरत होते, प्रेत पुरायलाही अवाच्या सवा दस्तुरी द्यावी लागे, इत्यादी. विधवा आणि अनाथ यांना बलवंताच्या स्वाधीन करणार नाही, असे वचन त्याने निनगिर्सु देवाला दिले. थोड्याच वर्षांत उम्माच्या लुगालझागेसीने लगाश लुटले.

यापुढील काळात हिशेब अधिक काटेकोर झाला, आणि अधिक निर्दय. उर नगरीच्या तिसऱ्या राजवंशाच्या (इ. स. पू. २११२ ते २००४) लाखभर हिशेबी पाट्या उपलब्ध आहेत. त्यांतील मुकादमांची खाती प्रत्येक वाणिज्य विद्यार्थ्याने पाहावीत अशी आहेत. मुकादमाच्या हाताखाली अमुक मजूर, महिन्याचे दिवस तीस, म्हणून इतके मनुष्यदिवस त्याच्या नावे. मागील वर्षाची तूट तीही नावे. मग जमेच्या बाजूला प्रत्यक्ष झालेले काम मनुष्यदिवसांत रूपांतर करून. पाट खणण्याचे प्रमाण ठरलेले होते : दर माणशी दररोज सुमारे तीन घनमीटर माती. आपल्याकडे माती-मुरूम मोजतात त्या हिशेबाने एका ब्रासाहून थोडे जास्त. पुरुष मजुराचा शिधा महिन्याला साठ सिला, म्हणजे साधारण साठ लिटर, जव. स्त्रीचा बहुधा त्याच्या निम्मा. वर्षाच्या शेवटी जमा-नावे यांचा मेळ घालायचा आणि तूट पुढे ओढायची.

ही तूट बहुतेक खात्यांत आहेच. प्रमाणच असे लावलेले की ते पुरे होऊ नये. मुकादम मेला की त्याची बाकी मरत नसे. ती त्याच्या घरावर येई, आणि घरची माणसे कामकरी टोळीत दाखल केल्याच्या नोंदी सापडतात. आमच्या पुस्तकात प्रमाण परिव्यय म्हणून जो धडा आहे, त्यात प्रत्यक्ष आणि प्रमाण यांतील फरकाला ‘प्रतिकूल विचरण’ असे शुद्ध नाव आहे. तो धडा मी आता पूर्वीच्या निर्विकारपणे वाचू शकत नाही.

बाबिलोनच्या हम्मुराबीचे (इ. स. पू. १७९२ ते १७५०) नाव शाळेत सर्वांनी ऐकलेले असते, ते ‘डोळ्याला डोळा’ या एका कलमापुरते. वस्तुतः त्याच्या २८२ कलमांत पाट आणि कर्ज यांना मोठे स्थान आहे. आपल्या वाट्याचा बांध आळसामुळे दुरुस्त केला नाही आणि तो फुटून इतरांची शेते बुडाली, तर बुडालेले धान्य भरून द्यावे. देता येत नसेल तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून येणारे चांदीचे मोल नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यावे. पाटाचे दार उघडे टाकून शेजाऱ्याचे शेत बुडवले, तरीही भरपाई. उलट अठ्ठेचाळिसावे कलम ऋणकोच्या बाजूचे आहे : पुराने शेत बुडाले किंवा पाण्याअभावी पीक आले नाही, तर त्या वर्षी धनकोला धान्य द्यायचे नाही, करारपाटी ओली करून बदलायची आणि त्या वर्षाचे व्याजही द्यायचे नाही. कर्जापायी दिलेली बायको-मुले तीन वर्षे राबतील, चौथ्या वर्षी सुटतील, असेही कलम आहे. आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत हा राजा अमुक कालव्याकाठच्या जमीनधारकांना बोलावून महिन्याच्या आत गाळ काढून घ्या, अशी तंबी देताना दिसतो.

या काळापर्यंत सुमेरी ही घराघरांतील बोली राहिली नव्हती. लोक अक्कडी बोलत. तरी लेखनिकाच्या शाळेत मुलांना सुमेरी शिकावीच लागे, आणि दोन भाषांच्या शब्दयाद्या पाठ कराव्या लागत. मराठी शाळेत शिकून, तलाठ्याच्या कचेरीत कन्नड वाचून आणि इंग्रजी पुस्तकातून खतावणी शिकणाऱ्या माझ्यासारख्याला त्या मुलांविषयी सहानुभूती वाटते. फरक इतकाच की ती मुले बहुधा सुखवस्तू घरांतली असत. शेतकऱ्याचा मुलगा पाटी वाचायला शिकण्याचा योग त्या काळी दुर्मीळ होता.

आणखी एक शत्रू खालून वर येत होता. पाणी खूप दिले, निचरा झाला नाही, की जमिनीतील क्षार वर येतात. गहू क्षार सोसत नाही, जव थोडा सोसतो. सुमेरच्या पाट्यांत गव्हाचे प्रमाण शतकानुशतके घटत जाऊन जवच उरल्याचे दाखवून जेकबसेन आणि ॲडम्स यांनी १९५८ साली सुमेरच्या ऱ्हासाचा संबंध या क्षारांशी जोडला. नंतरच्या काही अभ्यासकांनी या मताला हरकत घेतली आहे. ज्यांना कृष्णाकाठच्या उसाच्या मळ्यांतील पांढरी पडलेली जमीन ठाऊक आहे, त्यांना हा वाद अगदी परका वाटणार नाही.

हम्मुराबीच्या वंशातील अम्मिसदुका याने इ. स. पू. १६४६च्या सुमारास काढलेला कर्जमाफीचा हुकूम पुष्कळ अंशी उपलब्ध आहे. तो एखाद्या मुरलेल्या कायदेपंडिताने लिहावा तसा आहे. पोटासाठी घेतलेली जवाची व चांदीची कर्जे माफ. व्यापारासाठी भागीदारीत घेतलेले भांडवल मात्र माफ नाही. आणि एखाद्या धनकोने माफी टाळण्यासाठी कर्जाचा कागद (म्हणजे पाटी) विक्रीचा किंवा ठेवीचा म्हणून लिहवून घेतला असेल, तर साक्षीदार आणून ते सिद्ध करता येईल आणि तो दस्त रद्द होईल. म्हणजे तेव्हाही असे दस्त होत होते. राजे हे सर्व दयाबुद्धीनेच करीत असे मला वाटत नाही. कुळे सावकाराच्या घरी राबू लागली, तर राजाचा पाट कोण उपसणार आणि सैन्यात कोण जाणार? दर काही वर्षांनी पाटी पुसल्याखेरीज राज्यच चालत नव्हते.

हे सर्व आजीला आमच्या घरच्या भाषेत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “आणि शेत रे? शेत मिळालं का त्यांना माघारी?”

मला सांगता येईना. पुन्हा पुस्तके काढली. जमीनही काही वेळा परत मिळे, असे दिसते. हम्मुराबीचा मुलगा समसुइलुना याने असाच हुकूम काढला, तेव्हा सिप्पार नगरात जमीन-घरांच्या खरेदीपाट्या तपासण्यासाठी न्यायाधीश बसले आणि ज्या खरेद्या माफीत येत होत्या त्या पाट्या फोडण्यात आल्या. याची माहिती मिळते ती एका खरेदीदाराच्या तक्रारीवरून. माझा व्यवहार चोख होता, तरी माझ्या पाट्या नीट न ऐकून घेता फोडल्या, असे त्याचे म्हणणे. त्याचे पुढे काय झाले ते मी आजीला सांगू शकलो नाही.

आमची ओढ्याची पट्टी सावकाराच्या वारसांनी केव्हाच विकली. आज तेथे ज्यांचे भात उभे आहे, त्यांनी ती रीतसर पैसे मोजून खरेदी घेतलेली आहे. त्यांचा मुलगा सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसत असे, आणि उन्हाळ्यात ओढ्याच्या पाण्याची पाळी आली की आम्ही दोघे मिळूनच दारे धरायला जातो.